कॅन्सरचं निदान झालं, उपचार घेतले आणि नूतन पुन्हा शूटिंगला गेली

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत 'नूतन' हा शब्द काढला की आधी शाळा आठवते. नूतन विद्यालय आणि नूतन महाविद्यालय ही नावं इथल्या घराघरांत माहीत आहेत. पण घरातल्या साठी ओलांडलेल्या माणसांसमोर हाच शब्द काढून बघा. त्यांना 'सुजाता', 'बंदिनी' आणि 'मिलन'ची नूतन आठवेल.

आजची गोष्ट या दुसऱ्या नूतनची.

तिच्या सिनेमांची आणि अवॉर्डची यादी तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल. तिच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. १९९० साली तिला ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं. तेव्हा ती चोपन्न वर्षांच्या आसपास होती. तिने उपचार घेतले आणि पुन्हा कामाला लागली. २१ फेब्रुवारी १९९१ ला ती गेली, तेव्हा तिच्या हातात दोन सिनेमे होते आणि दोन्हींचं काम सुरू होतं.

आजारपणानंतर कामावर परतायचं की नाही, हा प्रश्न आज हजारो घरांत आहे. म्हणून नूतन कामावर कशी परतली हे समजून घ्यायला हवं. त्यासाठी सुरुवातीपासून सुरुवात करू.

सिनेमातल्या घरातली किडकिडीत मुलगी

नूतनचा जन्म ४ जून १९३६ चा, मुंबईतला. आई शोभना समर्थ. १९४३ च्या 'रामराज्य'मध्ये त्यांनी सीतेचं काम केलं आणि लोक त्यांना खरोखरची सीता समजायला लागले. वडील कुमारसेन समर्थ हे दिग्दर्शक. १९५५ साली आलेला 'शिर्डीचे साईबाबा' हा मराठी सिनेमा त्यांचाच. सेलूकरांना हे वाचून बरं वाटेल, कारण दासगणू महाराजांनी सांगितलेल्या कथेनुसार साईबाबांचे गुरू वेंकूशा म्हणजे सेलूचे गोपाळराव देशमुख.

घरात सिनेमा असला तरी नूतनला हिरॉईन म्हणून कुणी गृहीत धरलं नव्हतं. ती किडकिडीत होती, सावळी होती, बुजरी होती. त्या काळातल्या गोऱ्यापान, भरल्या अंगाच्या नायिकांमध्ये ती बसत नव्हती. नातेवाईकांची बोलणीही तिने ऐकली.

शेवटी आईनेच मुलीला उभं केलं. १९५० साली 'हमारी बेटी' आला. दिग्दर्शक शोभना समर्थ आणि नायिका चौदा वर्षांची नूतन. पुढच्याच वर्षी 'नगीना' आला आणि त्याला 'ए' सर्टिफिकेट मिळालं. सांगतात की स्वतःचाच सिनेमा बघायला गेलेल्या नूतनला वय कमी म्हणून थिएटरात घेतलं नव्हतं.

त्यानंतर ती शिकायला थेट स्वित्झर्लंडला गेली. चालू लागलेलं काम सोडून जाणारी ही मुलगी परत येईल का आणि आली तरी तिला काम मिळेल का, हा प्रश्न होताच.

ती परत आली. १९५५ साली 'सीमा' आला आणि एकोणिसाव्या वर्षी केलेल्या या कामासाठी तिला बेस्ट ॲक्ट्रेसचं फिल्मफेअर मिळालं. काम थांबवून पुन्हा उभं राहण्याची तिची ही पहिली वेळ.

लग्न झालं, आता काय?

१९५९ हे वर्ष नूतनचं होतं. राज कपूरसोबत 'अनाडी' आला. बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. अस्पृश्य समाजात जन्मलेली आणि एका ब्राह्मण घरात वाढलेली मुलगी तिने त्यात उभी केली. मोठे संवाद नाहीत, आरडाओरडा नाही. नुसत्या चेहऱ्यावर तिने सिनेमा पेलला आणि दुसरं फिल्मफेअर घेतलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने नौदलातले अधिकारी रजनीश बहल यांच्याशी लग्न केलं. १९६१ साली मुलगा झाला, मोहनीश. हाच तो 'हम साथ साथ हैं'मधला मोहनीश बहल.

त्या काळी नायिकेचं लग्न झालं की तिचा रस्ता ठरलेला असायचा. एक तर घरी बसायचं, नाही तर काही वर्षांनी वहिनीच्या आणि आईच्या भूमिका करायच्या. पण बिमल रॉय यांना 'बंदिनी'तल्या कल्याणीसाठी नूतनच हवी होती. घरूनही तिला पाठिंबा मिळाला. १९६३ साली 'बंदिनी' आला. तुरुंगात शिक्षा भोगणारी कल्याणी आज साठ वर्षांनंतरही हिंदी सिनेमातल्या सर्वात मोठ्या भूमिकांमध्ये मोजली जाते. फिल्मफेअर तिसरं. त्याच वर्षी देव आनंदसोबतचा हलकाफुलका 'तेरे घर के सामने'सुद्धा आला.

१९६७ च्या 'मिलन'साठी चौथं फिल्मफेअर मिळालं. १९७३ च्या 'सौदागर'मध्ये ती खजुराच्या रसाचा गूळ बनवणारी माहजुबी झाली. गुळावर धंदा चालतो, पण गूळ कढवणाऱ्या बाईची किंमत कुणाला कळत नाही, असा तो सिनेमा. समोर अमिताभ बच्चन होते, तेव्हा नवेच. १९७४ साली तिला पद्मश्री मिळाली.

चाळिशीनंतरची नूतन

हिंदी सिनेमात चाळीस वर्षांच्या नायिकेसाठी काय लिहिलं जायचं? बहुतेक वेळा काहीच नाही.

१९७८ साली 'मैं तुलसी तेरे आंगन की' आला. मूळ गोष्ट मराठी, चंद्रकांत काकोडकर यांच्या 'अशी तुझी प्रीत' या कादंबरीवरची. नवऱ्याच्या प्रेयसीच्या मुलाला वाढवणारी बाई नूतनने केली. पाचवं फिल्मफेअर मिळालं आणि तेही मुख्य भूमिकेसाठी. पाच वेळा बेस्ट ॲक्ट्रेस हा विक्रम पुढे तीस वर्षांहून अधिक काळ तिच्या एकटीच्या नावावर राहिला. २०११ साली काजोलने त्याची बरोबरी केली. काजोल ही नूतनची धाकटी बहीण तनुजा यांची मुलगी, म्हणजे विक्रम घरातच राहिला.

हा काळ घरच्या बाजूने सोपा नव्हता. पैशांच्या व्यवहारावरून आई आणि मुलगी कोर्टात गेल्या होत्या. दोघींमध्ये वर्षानुवर्षं अबोला होता. १९८३ च्या सुमारास तो मिटला.

पन्नाशीकडे झुकताना नूतनने आईच्या भूमिका घेतल्या, पण त्या नुसत्या आरतीचं ताट धरण्यापुरत्या नव्हत्या. १९८५ च्या 'मेरी जंग'साठी तिला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. १९८६ साली महेश भट्ट यांचा 'नाम' आला. त्याच वर्षी सुभाष घई यांच्या 'कर्मा'मध्ये ती पहिल्यांदा दिलीपकुमार यांच्यासोबत पडद्यावर दिसली. पन्नासच्या दशकात दोघांचा 'शिकवा' सुरू झाला होता, पण तो कधी पूर्णच झाला नाही. दूरदर्शनवरच्या 'मुजरिम हाजिर' या मालिकेतही तिने काम केलं. टीव्ही हे मोठ्या कलाकारांसाठी कमीपणाचं समजलं जायचं, तो हा काळ.

स्वित्झर्लंडहून आल्यावर, लग्नानंतर, मूल झाल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर. प्रत्येक वळणावर तिचं करिअर संपू शकलं असतं आणि प्रत्येक वेळी ती कॅमेऱ्यासमोर परतली. कॅन्सरनंतरचं परतणंही याच सवयीतून आलेलं होतं.

१९९० मध्ये कॅन्सर म्हणजे काय होतं?

त्या काळी कॅन्सर हा शब्दच लोक आवाज बारीक करून उच्चारायचे. स्तनाचा कॅन्सर असेल तर तेवढाही नाही. घरातल्या घरात कुजबुज, बाहेरच्यांना काहीतरी दुसरं कारण. उपचारांची मोठी केंद्रं मोजकी होती. मराठवाड्यातल्या पेशंटला मुंबईचं टाटा हॉस्पिटल हेच नाव सांगितलं जायचं आणि सेलूसारख्या गावातून तिथे जाणं म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास.

लोकांच्या डोक्यातला कॅन्सर हा सिनेमातला कॅन्सर होता. १९७० चा 'सफर', १९७१ चा 'आनंद'. पेशंट हसतो, सगळ्यांना रडवतो आणि शेवटच्या रिळात जातो. या सिनेमांमध्ये निदान झालेला माणूस परत कामावर जाताना दिसत नाही. त्याची सुट्टी, त्याचा पगार, थकलेल्या अंगाने घातलेली पहिली ड्यूटी, यातलं काही पडद्यावर येत नाही. निदान आणि मृत्यू यांच्या मधला काळ फक्त निरोपासाठीच असतो, असं या सिनेमांनी दोन पिढ्यांना शिकवलं.

इंडस्ट्रीने खरी उदाहरणंही जवळून पाहिली होती. 'मिलन'मधला नूतनचा नायक सुनील दत्त. त्यांची पत्नी नर्गिस मे १९८१ मध्ये कॅन्सरने गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल तिच्याच नावाने ओळखलं जातं आणि तिथे मराठवाड्यातले पेशंटही जातात. ग्रामीण भागातल्या कॅन्सर पेशंटची नोंद ठेवणारी देशातली पहिली रजिस्ट्री १९८७ साली याच बार्शीत सुरू झाली. म्हणजे नूतनचं निदान झालं तेव्हा गावाकडच्या किती बायकांना हा आजार होतो, याची मोजदाद नुकतीच कुठे सुरू झाली होती.

आणि ती परत गेली

नूतनपुढे पैशांचा किंवा नावाचा प्रश्न उरला नव्हता. सहा फिल्मफेअर, पद्मश्री, चाळीस वर्षांचं काम. घरी बसली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

उपचारांनंतर ती 'गर्जना' आणि 'इन्सानियत' या सिनेमांचं शूटिंग करत होती. फेब्रुवारी १९९१ मध्ये तब्येत बिघडली आणि तिला मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये दाखल केलं गेलं. २१ तारखेला दुपारी ती गेली. तेव्हा ती ५४ वर्षांची होती. 'नसीबवाला' तिच्यानंतर १९९२ साली आला. 'इन्सानियत' पडद्यावर यायला १९९४ उजाडलं.

अशा मृत्यूच्या बातमीसाठी आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे, कॅन्सरशी झुंज अपयशी. हे वाक्य लिहिलं की निदानानंतरचे सगळे महिने एका पराभवात जमा होतात. नूतनच्या बाबतीत त्या महिन्यांत मेकअप होता, संवाद पाठ करणं होतं, लाईट लागेपर्यंत वाट बघणं होतं. शूटिंगचं रोजचं काम हेच असतं. कामावर परतल्यामुळे तिचं आयुष्य वाढलं, असं कुणी म्हणू शकत नाही. पण जेवढं मिळालं ते तिने फक्त पेशंट म्हणून काढलं नाही, हे नक्की म्हणता येतं.

हे सगळ्यांनी करावंच असंही नाही. कुणाचं शरीर साथ देत नाही, कुणाला घरच्यांसोबत शांत राहायचं असतं. तो निर्णयही तेवढाच खरा. मुद्दा एवढाच की निर्णय त्या माणसाचा असावा. आपल्याकडे बहुतेक वेळा तो घरचे, शेजारचे आणि ऑफिसातले मिळून आधीच घेऊन टाकतात.

आज सेलूतल्या बाईला काय माहीत असायला हवं?

आज भारतातल्या बायकांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवीन पेशंट होते. नूतनच्या काळापेक्षा उपचार खूप पुढे गेले आहेत. गाठ लवकर सापडली तर अनेक जणी बऱ्या होतात आणि वर्षानुवर्षं काम करतात. सोनाली बेंद्रे यांनी २०१८ साली आपला कॅन्सर जाहीर सांगितला, उपचार घेतले आणि पुढे पुन्हा कॅमेऱ्यासमोर आल्या. १९९० मध्ये इतकं उघड बोलणं अवघड होतं.

न दुखणारी गाठ, काखेत गाठ, कातडीला खळी पडणं, स्तनाग्र आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, कारण सुरुवातीला ही गाठ बहुतेकदा दुखतच नाही.

आता कामावर परतायचं म्हटलं तर नेमकं काय आड येतं?

पहिली गोष्ट थकवा. केमो आणि रेडिएशन संपल्यावरही तो कित्येक महिने राहू शकतो. वरून माणूस ठीक दिसतो, केस परत आलेले असतात, म्हणून आजूबाजूच्यांना तो कळत नाही. सुरुवातीला अर्धा दिवस काम किंवा बसून करायचं काम मिळालं तर फार फरक पडतो.

दुसरी गोष्ट हात. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. शिक्षिकेला फळ्यावर लिहिताना, बँकेतल्या बाईला फायली उचलताना हे जाणवतं. कापूस वेचणाऱ्या बाईचं काय? बोंडाची टोकं हाताला ओरखडे पाडतात आणि सूज येणाऱ्या हाताला छोटी जखमही महागात पडू शकते. आपल्याकडे बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून वेचणीला जातात, ती सवय इथे कामाची आहे. भरलेलं गाठोडं मात्र एकदम उचलायचं नाही. डॉक्टरांनी शिकवलेले हाताचे व्यायाम करत हळूहळू ताकद वाढवायची.

तिसरी गोष्ट पैसा. इथे काही सोयी आहेत आणि त्या अनेकांना माहीत नसतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, योजनेतल्या हॉस्पिटलांत कॅन्सरचे उपचार होतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. उपचारांसाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबत जाणाऱ्याला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक प्रमाणपत्र लागतं. ईएसआयमध्ये नाव असलेल्या कामगाराला अटी पूर्ण होत असतील तर कॅन्सरसारख्या मोठ्या आजारात जास्तीत जास्त २ वर्षं पगाराच्या ८० टक्क्यांइतकी रक्कम मिळू शकते.

यातली शेवटची सोय पगारदार माणसाची. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला आजारपणाची रजा नसते. ती लवकर कामावर परतते ते बहुतेकदा चूल पेटावी म्हणून. नूतनच्या आणि तिच्या परतण्यात हा मोठा फरक आहे. नूतनने स्वतःच्या मनाने काम निवडलं. तशी निवड शेतात राबणाऱ्या बाईला मिळावी, याची जबाबदारी तिच्या एकटीवर टाकून चालणार नाही.

मग आपण काय करायचं?

२०११ साली भारतीय टपाल खात्याने जुन्या काळातल्या अभिनेत्रींवर तिकिटं काढली. त्यात देविका राणी, मीनाकुमारी यांच्यासोबत नूतनही आहे. तिकिटावरचा चेहरा तरुणपणीचा. 'इन्सानियत' शोधून बघितलात तर दुसरी नूतन दिसेल, पन्नाशीतली.

तुमच्या घरात, शाळेत किंवा ऑफिसात कुणी उपचार संपवून परत येणार असेल तर तिची खुर्ची आधीच दुसऱ्याला देऊन टाकू नका. आता तू आराम कर, हे सांगायची घाई करू नका आणि पहिल्याच दिवशी जुनं सगळं काम अंगावर टाकूही नका. तिला काय करायचं आहे, किती तास जमेल आणि तपासणीला कुठल्या दिवशी जावं लागतं, हे तिलाच विचारा. ती सांगेल.